वजन बरोबर, तरी चरबी जास्त? घरच्या घरी कसे ओळखाल

वजनाच्या काट्यावर आकडा "बरोबर" आला की आपण निश्चिंत होतो. सकाळी पोहे-जलेबी, रात्री कधी सराफा, कधी छप्पन, हे सगळे त्या एका आकड्याच्या भरवशावर चालते. पण शरीरात हाडे-स्नायू किती आणि चरबी किती हे काटा सांगत नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत नेमका हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३ होता. पण डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत गाठणे, अशी थट्टा याज्ञिकांच्या बाजूने त्यात केलेली आहे. मात्र फरक केवळ व्यायामाचा नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचा याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्यात स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. "बारीक तरी चरबीदार" ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची सुरक्षित मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात.

ही चरबी पोटात, यकृताभोवती साठली की इन्सुलिनचे काम बिघडते आणि सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. तेव्हा घरी काय मोजता येईल ते पाहू.

१. शिंप्याची टेप

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन हेच. सकाळी उपाशीपोटी, सरळ उभे राहा. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडाच्या वरच्या कडेला टेप आडवी धरा. श्वास सहज सोडल्यावर माप घ्या. पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. पँटचा नंबर म्हणजे कमरेचे माप नव्हे, कारण पँट बहुधा पोटाच्या खाली बसते.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रौढांसाठी एक सोपे सूत्र दिले. उंचीला कमरेच्या मापाने भागा, त्याला २० ने गुणा आणि आलेली संख्या पुरुषांनी ६४ मधून, स्त्रियांनी ७६ मधून वजा करा. उत्तर म्हणजे चरबीची अंदाजे टक्केवारी.

समजा एका गृहस्थांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर आहे. बीएमआय येतो २२.८, म्हणजे ठीक. पण १६५ भागिले ९२ म्हणजे १.७९, गुणिले २० म्हणजे सुमारे ३६. ६४ वजा ३६, म्हणजे जवळजवळ २८ टक्के चरबी. काट्याने जे लपवले ते टेपने दाखवले.

२. चरबी दाखवणारा वजनकाटा

हा काटा तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो. स्नायूंत पाणी जास्त असल्याने त्यांतून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडतो. त्यावरून काटा अंदाज बांधतो. त्यामुळे पाणी कमी प्यायले, नुकताच व्यायाम किंवा जेवण झाले, की आकडा बदलतो. रोज न पाहता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावे. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा काटा वापरू नये.

३. चिमटा

यात कॅलिपरने दंड, पाठ, कमरेवरील त्वचेची घडी मोजतात. सरावलेला हात नसेल तर चूक मोठी होते. स्वतःची पाठ स्वतः मोजणेही अशक्यच!

लक्षात ठेवा, या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. टेपने २८ आणि काट्याने २४ आले तर गोंधळू नका. एकच पद्धत धरा आणि दर महिन्याला वहीत नोंद करा. आकडा वर चाललाय की खाली, ते महत्त्वाचे. हे सूत्र मुलांना आणि गर्भवतींना लावू नये.

हिशेब नको असेल तर दोनच गोष्टी पाहा. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, आणि आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. वरच्या गृहस्थांची कंबर दोन्ही कसोट्यांवर जास्त भरते. अशा वेळी डॉक्टरांना भेटून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

घरातील ज्येष्ठांकडे विशेष लक्ष द्या. वयानुसार स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन वीस वर्षे तेच राहिले तरी शरीर तेच राहिलेले नसते. चालण्याबरोबर थोडा ताकदीचा व्यायाम आणि ताटात डाळ, उसळ, दही असू द्या. व्यायाम सुरू केल्यावर वजन हलले नाही तरी निराश होऊ नका. कंबर कमी होत असेल तर काम चालू आहे.

या रविवारी शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि घरातील सर्व मोठ्यांची मापे एकाच वहीत लिहून ठेवा.