माईक बंद झाल्यावर

आठवणींचं गाव : लेखांक ६

राजूरहून भोकरदनला निघालं की पूर्णेचा पूल लागतो आणि केदारखेडा येतं. मागे तिथल्या अण्णांच्या दहाव्याला गेलो होतो. सकाळचे आठ-साडेआठ वाजलेले. अर्धी माणसं कावळा शिवायची वाट बघत नदीच्या अंगाला उभी, अर्धी मंडपात. महाराजांचं प्रवचन आटोपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एक गुरुजी, पाव्हण्यांपैकी दोघे. सहाही भाषणांत अण्णा मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीचे होते, आणि त्यांच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली होती. नाव तेवढं बदललं असतं तर हीच भाषणं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मंडपात चालली असती. चाललीही असतील.

माईक बंद झाला, मंडपवाला वायर गुंडाळू लागला आणि माणसं लिंबाखाली चहाला थांबली. अण्णा आले ते तिथे.

अण्णांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पुढचं पेर नव्हतं. तो विषय निघाला. एक म्हातारे म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया व्हते ना, तवा गेलं. घण बसला.” दुसरे लगेच म्हणाले, “कशाचा घण? अण्णा शिकेल माणूस, कामावर हजेरी लिवायचा. बोट गेलं कडबाकुट्टीत.” दोघांचं चांगलंच जुंपलं. दोघेही त्या काळचे, दोघांनीही बोट बांधलेलं डोळ्यांनी पाहिलेलं. मी घरात अण्णांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो तेव्हा सहज विचारलं. काकू म्हणाल्या, कडबाकुट्टीतच गेलं. पण ते यंत्र पाव्हण्याच्या घरून मागून आणलेलं होतं. पाव्हण्याला वाईट वाटायला नको म्हणून अण्णा जन्मभर ‘खडी फोडताना गेलं’ असंच सांगत राहिले.

सरपंचांनी ‘मनमिळाऊ’ म्हटलं होतं. शब्द चुकीचा नव्हता, नुसता रिकामा होता.

या लेखमालेत आपण एक गोष्ट तपासतो आहोत : गेलेल्या किंवा असलेल्या माणसाचं आयुष्य चारचौघांनी मिळून समजून घ्यायचं, तर ते कसं घ्यायचं? युरोपात रुडॉल्फ स्टायनर (१८६१–१९२५) यांच्या विचारातून निघालेल्या मंडळींनी त्याचं एक रीतसर काम उभं केलं आहे. बर्नार्ड लिव्हेखूड या डच डॉक्टरांनी त्याला बरंच वळण दिलं. पाच-सात माणसं बसतात, आयुष्याचे सात-सात वर्षांचे टप्पे पाडतात, एकेक टप्पा कधी सांगून, कधी रंगवून दुसऱ्यासमोर ठेवतात. ऐकणारा सल्ला देत नाही, फक्त ऐकतो. एकमेकांचं कसं ऐकावं यालाच ते कला मानतात, समाजात राहण्याची कला. चांगलं काम आहे. पण सात वर्षांचा हिशेब मराठवाड्यात चालेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे आयुष्य ‘रझाकारात’, ‘बहात्तरात’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी’ असं मोजतात. वय विचारलं तर म्हातारी जन्मसाल सांगत नाही, बहात्तरला कडेवर कोण होतं ते सांगते.

आणि या कामाची रीत शोधायला युरोपात जायचीही गरज नाही. आपल्या भोकरदन तालुक्यातच, वर अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूला जयदेववाडी आहे. तिथलं जाळीचा देव हे महानुभाव पंथाचं ठिकाण इकडच्या प्रत्येकाला माहीत असतं. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी तिथल्या जाळीत वाघाच्या सोबतीनं राहिले, अशी श्रद्धा आहे. त्याच चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या माणसांनी ज्या पद्धतीनं गोळा केल्या, तसं काम मराठीत पुन्हा क्वचितच झालं असेल.

चक्रधर निघून गेले ते तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात. मागे राहिलेली माणसं सैरभैर झाली. त्यांतले बरेच जण रिद्धपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या आसऱ्याला गेले. त्यांचे म्होरके नागदेवाचार्य, ज्यांना सगळे भटोबास म्हणत. परंपरा सांगते की भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळा आठवत असायचे. त्यांच्यातल्याच म्हाइंभटांनी ते पाहिलं आणि विचार केला, या आठवणी यांच्यासोबत जातील, पुढच्यांना काय राहील? मग तिथल्या वाजेश्वरीच्या देवळात बैठक बसली. भटोबास सांगायचे, म्हाइंभट लिहायचे. जे भटोबासांनी स्वतः पाहिलं नव्हतं, त्यासाठी ज्यानं पाहिलं त्याच्याकडे जायचं. म्हाइंभट गावोगाव फिरले आणि एकेकाला गाठून विचारत राहिले. शके १२०० च्या सुमाराला त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. मराठी गद्याचा पाया म्हणून आपण ते शाळेत शिकतो. कोण्या एकानं एकट्यानं बसून न लिहिलेलं, सगळ्या गोतावळ्यानं मिळून सांगितलेलं चरित्र म्हणून मात्र कोणी शिकवत नाही.

म्हाइंभट सराळ्याचे, मोठे शास्त्री. चक्रधरांकडे आले तेव्हा विद्वत्तेचा ताठा घेऊनच आले होते. असा माणूस लिहायला बसला तर तो जीवनाचं सार काढेल, गुणवर्णन करेल, असं वाटावं. पण लीळाचरित्र उघडा. स्वामी कुठल्या देवळात उतरले, कोण सोबत होतं, त्यांच्या शिष्या बाइसांनी काय रांधलं, कोणाला ताप आला, कोण कोणावर रुसलं. एकेक लीळा दहा-वीस ओळींची. त्यात पुष्कळदा कोणीतरी काहीतरी विचारतं आणि स्वामी उत्तर देतात, एवढंच. उपदेश असतो, पण तो ताटावर, वाटेवर, आजारपणात सापडतो. ‘स्वामी फार दयाळू होते’ असं म्हाइंभट सांगत बसत नाहीत. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि ते त्याला बाहेर देत नाहीत, एवढं ते सांगतात.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती याच्याही पुढची गोष्ट. दोन माणसांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला, तर पोथीत दोन्ही राहतात. एक आठवण संपली की ‘वासना’ असा शब्द येतो आणि वेगळी आठवण शेजारीच मांडली जाते. वासना म्हणजे इथे स्मरणातला वेगळा ठसा. आजच्या अर्थानं घेऊ नका. पुढे पोथ्यांच्याही परंपरा झाल्या, त्यांना सांगणाऱ्यांची नावं लागली. हीराइसेचा पाठ हा त्यांतला एक. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी हातची गेली. तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली, आणि त्यात हीराइसेच्या स्मरणाचा मान मोठा, असं परंपरा मानते.

इथे हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगायचा मोह होतो. चक्रधरांचा तो दृष्टांत प्रसिद्धच आहे. पण मला तो इथे नीट बसत नाही. त्या गोष्टीत आख्खा हत्ती बघणारा कोणीतरी डोळस असतो. म्हाइंभटांच्या बैठकीत असा कोणी नव्हता. भटोबासही नव्हते; म्हणून तर त्यांनी म्हाइंभटांना इतरांकडे पाठवलं. लिंबाखालच्या त्या दोन म्हाताऱ्यांपैकी कोणाचं चूक, हे ठरवून मी एकाची आठवण खोडली असती तर काकूंनी सांगितलेलं मला समजलंच नसतं. खडीचा घण ही चुकीची आठवण नव्हती. अण्णांनीच तशी ती पेरली होती.

आणखी एक. लीळाचरित्रातून बायका काढल्या तर फार थोडं उरेल. बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा. महदाइसा तर सारखी विचारणारी, तिच्या प्रश्नांतून कितीतरी गोष्टी निघाल्या. धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचणारी मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. पुढे केशिराजबासांसारख्या पंडिताला संस्कृतात लिहायची ओढ वाटली, तेव्हा त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या बायकांचं नुकसान होईल, असं म्हणत भटोबासांनी नकार दिला. आपल्या दहाव्याच्या मंडपात माईकसमोर बाई बोललेली मी अजून ऐकली नाही. ज्यांनी त्या माणसाचे कपडे धुतले, पथ्य सांभाळलं, रागाचे दिवस काढले, त्या आतल्या खोलीत आणि बाहेर चेअरमन बोलणार! यात आपलंच नुकसान आहे.

आता कोणी म्हणेल, गावात पारायणं होतात, सप्ताह होतात, भक्तविजय वाचला जातो, मग हे वेगळं काय? पारायणात चरित्र तयार होऊन आलेलं असतं. आपण ते ऐकतो, वाचतो, नमस्कार करतो. म्हाइंभटांचं काम त्याच्या आधीचं आहे, विचारण्याचं. ते आपल्याकडून सुटलं. संतांच्या चरित्रांवर तीन तास बसणारा माणूस शेजारच्या म्हातारीला ‘तुमचं लग्न कोणत्या साली झालं, वरात कशानं आली?’ हे विचारत नाही. अध्यात्म तिकडे, म्हातारी इकडे, अशी वाटणी आपणच करून ठेवली.

करायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. अशा आठवणींच्या बैठका काही ठिकाणी घेऊन पाहिल्या, त्यातून जे कळलं तेवढंच. माणसं पाच ते आठ, त्यात निम्म्या बायका. विषय एकाच माणसाचा. ‘ते कसे होते?’ असं विचारलं की मंडपातलं भाषण सुरू होतं. त्याऐवजी ‘ते कुठं बसायचे?’, ‘जेवताना आधी काय खायचे?’, ‘राग आला की काय करायचे?’ असं विचारावं. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं दुरुस्ती करायची नाही, त्याची वेळ येईल तेव्हा त्यानं आपली आठवण सांगावी. लिहिणारा एकच, आणि त्यानं सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावं. ‘व्हतं’ला ‘होतं’ करू नये. प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचं नाव. शेवटी सगळं मोठ्यानं वाचून दाखवावं. ऐकताना कोणाला तरी आणखी काही आठवतंच, आणि पुष्कळदा खरं तेच असतं. हं, आणि गोष्ट बांधावर किंवा वाटणीवर गेली की लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवावं. एका गावात मी ठेवलं नव्हतं. बैठक अर्ध्या तासात उठली आणि पुन्हा बसली नाही.

लीळाचरित्र ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी : वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७८ साली काढली, जुन्या ग्रंथालयांत ती सापडते. भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे, पण घाबरू नका. मोठ्यानं वाचली की आजीच्या बोलण्यासारखी लागते. सुरुवात कुठूनही करा, पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही.

अण्णांच्या आठवणी त्या दिवशी मी खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिल्या, वही नव्हती. करंगळीच्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, एकाखाली एक, तिघांच्या नावांनी. वर्षश्राद्धाला त्या वाचून दाखवायला काकूंनी बोलावलं आहे.

तुमच्याकडे या महिन्यात दहावा, तेरवी, वर्षश्राद्ध काही असेल तर माईक बंद झाल्यावर अर्धा तास थांबा, आणि एक शंभर पानी वही सोबत न्या. पुढच्या आठवड्यात भक्तविजय लिहिणाऱ्या ताहाराबादच्या महिपतींकडे जाऊ.