दहा एकांचा वर्ग

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी देवळाली येथील शाळेत अध्यापन करीत असताना संख्यासिद्धान्तात जे संशोधन केले, त्यातील डेम्लो संख्या व कापरेकर संख्या अभ्यासकांस परिचित आहेत. ‘डेम्लो’ हे नाव डोंबिवली रेल्वे स्थानकावरून आले. या दोन कल्पनांचा एक अनपेक्षित संबंध प्रस्तुत टिपणात दाखवावयाचा आहे.

नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ हिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे. तो उजवीकडून वाचला तरी तोच राहतो. गुणाकार मांडला असता एकांच्या नऊ ओळी एकेक स्थान सरकत जातात. म्हणून स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरतात. कोठेही हातचा येत नाही. या वर्गाचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ हे असून त्यांचे घात अनुक्रमे ४, २ व २ आहेत. त्यामुळे त्यास एकूण ४५ भाजक आहेत.

दहा एक घेताच मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि सममिती भंगते: वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. तथापि त्याचे उजवीकडील दहा अंक वेगळे करून पाहावे:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

न-अंकी संख्येच्या वर्गातील शेवटच्या न अंकांची संख्या व उरलेली संख्या यांची बेरीज त्या संख्येइतकीच झाली, तर तीस कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. सममिती गेली तेथेच हा गुण प्रकट व्हावा, हा योगायोग आहे काय?

न एकांची संख्या स मानू. १० चा न-वा घात घ मानू. मग घ − १ = ९स. स × स = अ × घ + ब आणि अ + ब = स असल्यास, वजाबाकीने

स × (स − १) = अ × (घ − १) = ९ × अ × स

म्हणून स − १ = ९अ. उलटपक्षी, स − १ हा ९ ने विभाज्य असल्यास अ = (स − १) ÷ ९ व ब = स − अ घेऊन दोन्ही अटी पुऱ्या होतात. स च्या अंकांची बेरीज न आहे. तेव्हा न − १ हा ९ ने विभाज्य असणे हीच आवश्यक व पुरेशी अट होय. न = १ हे क्षुल्लक उदाहरण सोडल्यास पहिली संख्या दहा एकांची, त्यानंतर १९ व २८ एकांची.

दहाऐवजी ग हा पाया घेतल्यास ९ च्या जागी ग − १ येतो. सममिती ग एकांशी भंगते, आणि न = ग असता वरील अटही पुरी होते. अर्थात तो योगायोग नव्हे. ही सिद्धता यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या फळ्यावर एका तासात मांडता येईल; वाचकांनी ती स्वतः करून पाहावी.