विद्युत ट्रेलर ब्रेक

विद्युत ट्रेलर ब्रेक ही मोटार किंवा पिकअप वाहनामागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरची चाके विद्युतचुंबकाच्या साहाय्याने रोखणारी प्रणाली आहे. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत कॅरॅव्हॅन, घोडे वाहून नेणारे ट्रेलर आणि मालवाहू ट्रेलर यांवर ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. युरोपात हलक्या ट्रेलरसाठी प्रामुख्याने ट्रेलरच्या जडत्वावर चालणारे यांत्रिक ब्रेक प्रचलित आहेत.

या प्रणालीत वारंवार आढळणारा दोष म्हणजे ब्रेक पूर्ण बंद न पडता क्षीण होणे. पूर्ण बंद पडलेला ब्रेक लगेच लक्षात येतो. क्षीण झालेल्या ब्रेकची उणीव मात्र ओढणाऱ्या वाहनाचे ब्रेक भरून काढत राहतात आणि लांब घाटउतारावर किंवा अचानक थांबण्याची वेळ आल्यावरच ती उघड होते. त्यामुळे या दोषाच्या निदानाला सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्व आहे.

इतिहास

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉईट येथील संशोधक व उद्योजक आर्थर पी. वॉर्नर यांचे नाव विद्युत ब्रेकच्या विकासाशी जोडलेले आहे. मोटारींच्या वेगमापकाच्या निर्मितीसाठीही ते ओळखले जातात. त्यांच्या उद्योगाने १९२० च्या दशकात ट्रेलरसाठी विद्युत ब्रेक बनवण्यास सुरुवात केली. ओढणारे वाहन व ट्रेलर यांना जोडण्यासाठी तेलाच्या नळ्यांची गरज नसणे आणि केवळ तारांनी काम भागणे, हा या ब्रेकचा मोठा फायदा ठरला.

रचना

प्रत्येक ब्रेकयुक्त चाकात ड्रम, दोन ब्रेक शू, तरफ, विद्युतचुंबक आणि शूंमधील अंतर ठरवणारे दातेरी समायोजक चाक असते. हे भाग आसाला पक्क्या बसवलेल्या पाठपट्टीवर असतात व ड्रम चाकाबरोबर फिरतो. ओढणाऱ्या वाहनात चालकाजवळ ब्रेक नियंत्रक बसवलेला असतो. नियंत्रकापासून निघालेली तार वाहन व ट्रेलर यांच्यामधील प्लगमधून ट्रेलरच्या सर्व चुंबकांपर्यंत जाते. चुंबक एकमेकांशी समांतर जोडणीत असतात आणि प्रवाह परत जाण्यासाठी स्वतंत्र अर्थ तार असते.

ट्रेलर वाहनापासून सुटल्यास ब्रेक आपोआप लागावेत म्हणून ट्रेलरवर १२ व्होल्टची लहान बॅटरी आणि खेचपिनेचा आपत्कालीन स्विच बसवतात. ऑस्ट्रेलियातील नियमांनुसार चाकांवर येणारा कमाल भार ७५० किलोग्रॅमपेक्षा अधिक असलेल्या ट्रेलरच्या किमान एका आसावर ब्रेक असणे आवश्यक आहे. हा भार २,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास सर्व चाकांवर ब्रेक आणि अशी आपत्कालीन यंत्रणा बंधनकारक आहे.

कार्यपद्धती

चालकाने ब्रेक दाबल्यावर नियंत्रक चुंबकांकडे प्रवाह सोडतो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि घर्षणामुळे ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने ओढला जातो. त्याबरोबर तरफ हलते व पुढील शू ड्रमवर दाबला जातो. ड्रम या शूलाही आपल्याबरोबर ओढतो आणि तो जोर समायोजकाद्वारे मागील शूपर्यंत पोहोचतो.

म्हणजेच विद्युत प्रवाह केवळ क्रियेची सुरुवात करतो. शू दाबण्याची बहुतांश ताकद फिरत्या ड्रमकडूनच मिळते. याचे तीन परिणाम होतात. उभ्या ट्रेलरला रोखून धरण्यासाठी हा ब्रेक भरवशाचा नसतो. मागे जाताना त्याची पकड कमी असते. तसेच डाव्या व उजव्या बाजूंचे संच भिन्न असतात आणि त्यांची अदलाबदल झाल्यास नवे सुटे भाग असूनही ब्रेक क्षीण राहतात.

क्षीणतेची कारणे

कारणांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात चुंबकापर्यंत पुरेसा प्रवाह न पोहोचण्याची विद्युत कारणे येतात: नियंत्रकाची पातळी कमी ठेवलेली असणे, प्लगमधील गंज, सैल किंवा गंजलेला अर्थ, बारीक तार, आसाच्या पोकळ नळीत घासून इन्सुलेशन गेलेली तार आणि चुंबकाच्या वेटोळ्यातील बिघाड. दुसऱ्या गटात प्रवाह पुरेसा असूनही पकड न येण्याची यांत्रिक कारणे येतात: शू व ड्रम यांच्यातील वाढलेले अंतर, झिजलेले अस्तर, अस्तरावर पसरलेले ग्रीस, झिजलेला किंवा वाकडा झिजलेला चुंबक, चरे पडलेला ड्रम आणि अडकलेली तरफ.

कोणत्या गटात दोष आहे हे न ठरवता सुटे भाग बदलल्यास खर्च होऊनही दोष तसाच राहू शकतो. प्रवाहाचे मापन हा या दोन गटांना वेगळे करणारा सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रवाहाचे मापन

१० ते १२ इंच व्यासाच्या ब्रेकमधील चुंबकाचा रोध सर्वसाधारणपणे ३ ते ४ ओहम असतो आणि १२ व्होल्टला तो सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे दोन चुंबकांच्या ट्रेलरसाठी सुमारे ६, चार चुंबकांसाठी १२ आणि सहा चुंबकांसाठी १८ अँपिअर प्रवाह अपेक्षित असतो. नेमके आकडे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

अनेक नियंत्रक प्रवाह अखंड न सोडता तुटक स्पंदांच्या रूपात सोडतात. अशा वेळी मधल्या पातळीवर साधा मल्टिमीटर फसवे वाचन दाखवतो. म्हणून नियंत्रकाची पातळी कमाल ठेवून व हाताने चालवण्याची कळ पूर्ण दाबून ब्रेकच्या तारेतील प्रवाह मोजतात.

प्रवाह अपेक्षेइतका असल्यास नियंत्रक व मुख्य तार यांत मोठा दोष नसण्याची शक्यता अधिक असते आणि तपास चाकांच्या आतील भागांकडे वळवावा लागतो. चार चुंबकांच्या ट्रेलरमध्ये प्रवाह साधारण ३ अँपिअरने कमी आढळल्यास एका चुंबकाची जोडणी तुटलेली असू शकते. सर्वच चुंबकांना कमी प्रवाह मिळत असल्यास सामाईक तार, प्लग किंवा अर्थ संशयास्पद ठरतो. प्रवाह अपेक्षेपेक्षा बराच अधिक असल्यास कोठेतरी शॉर्ट सर्किट असते.

भाराखाली विभवांतर तपासणे

प्लग काढून त्यावर १२ व्होल्ट दिसले म्हणजे तार निर्दोष आहे, हा एक सामान्य गैरसमज आहे. प्रवाह वाहत नसताना गंजलेल्या जोडावरही जवळपास पूर्ण विभवांतर दिसते, कारण विभवांतरातील घट प्रवाह वाहू लागल्यावरच निर्माण होते.

याचा हिशोब ओहमच्या नियमाने करता येतो. ३.८ ओहमचे चार चुंबक समांतर जोडल्यास त्यांचा एकत्रित रोध ०.९५ ओहम होतो. तारेत अन्य रोध नसल्यास १२ व्होल्टला सुमारे १२.६ अँपिअर प्रवाह वाहतो. गंजलेल्या जोडात अवघा ०.२५ ओहम रोध निर्माण झाल्यास एकूण रोध १.२ ओहम होतो, प्रवाह १० अँपिअरपर्यंत घटतो आणि चुंबकांना १२ ऐवजी ९.५ व्होल्टच मिळतात. अशा प्रकारे साध्या मल्टिमीटरवर जेमतेम जाणवणारा रोध प्रवाहाचा सुमारे पाचवा भाग कमी करतो.

त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेले असतानाच थेट चुंबकाच्या दोन तारांमध्ये विभवांतर मोजणे योग्य ठरते. ते बॅटरीच्या विभवांतरापेक्षा बरेच कमी भरल्यास घट कोठे होते हे टप्प्याटप्प्याने शोधतात: नियंत्रक ते प्लग, प्लग ते चुंबक आणि चुंबक ते बॅटरीचे ऋण टोक. तिसऱ्या टप्प्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. ट्रेलरचा अर्थ केवळ जोडगोळ्याच्या धातुस्पर्शावर अवलंबून ठेवल्यास रंग, ग्रीस व गंज यांमुळे प्रवाह अनियमित होतो; म्हणून प्लगमधून जाणारी स्वतंत्र अर्थ तार आवश्यक असते.

वाहन की ट्रेलर?

दोष ओढणाऱ्या वाहनात आहे की ट्रेलरमध्ये, हे ठरवण्यासाठी वाहनाचा प्लग काढून ट्रेलरच्या ब्रेकना पूर्ण चार्ज असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट वीज देतात. अशा वेळी प्रवाह योग्य आढळला, परंतु नियंत्रकाद्वारे कमी आढळला, तर दोष नियंत्रक, त्याची वीजजोडणी किंवा वाहनाच्या बाजूचा प्लग यांत असतो. आपत्कालीन स्विचची पिन ओढूनही अशी चाचणी करता येते. मात्र काही नियंत्रकांना इजा होऊ नये म्हणून त्याआधी वाहनाचा प्लग काढणे आवश्यक असते. ट्रेलरवरील बॅटरी उतरलेली असल्यास या चाचणीचा निष्कर्ष चुकीचा निघतो.

यांत्रिक तपासणी

ट्रेलर सपाट जागी उभा करून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडणी लावून व आसाखाली भक्कम आधार देऊन चाक उचलतात. प्रथम शूंचे अंतर तपासतात. समायोजक चाक फिरवून ड्रम जड फिरेपर्यंत शू बाहेर आणले जातात आणि नंतर शूचा केवळ हलका स्पर्श जाणवून चाक मोकळे फिरेल इतके मागे घेतले जातात. अंतर अधिक असल्यास तरफेचा प्रवास शू टेकण्यातच खर्च होतो आणि प्रवाह पुरेसा असूनही पकड येत नाही. स्वयंचलित समायोजक असलेल्या ब्रेकना ही क्रिया सहसा वारंवार करावी लागत नाही.

ड्रम काढल्यावर अस्तराची जाडी, चुंबकाचा पृष्ठभाग आणि ग्रीसची गळती पाहतात. अस्तर सुमारे १.६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरल्यास शू बदलतात. चुंबकाची झीज सपाट व एकसारखी असावी लागते. वेटोळे दिसू लागल्यास किंवा झीज तिरपी असल्यास तो बदलतात. चुंबकाची तार व त्याचे धातूचे कवच यांच्यात विद्युतमार्ग आढळल्यास आत शॉर्ट असतो. ग्रीस शोषलेले अस्तर धुऊन पूर्ववत होत नाही. सील बदलून शूही बदलावे लागतात. दोन्ही बाजूंची पकड समान राहावी म्हणून शू व चुंबक एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर एकदम बदलण्याची पद्धत आहे.

नव्या शूंची पकड सुरुवातीला कमी असणे हा दोष नाही. अस्तर व ड्रम एकमेकांना बसेपर्यंत, सुमारे ६५ किलोमीटर प्रतितास वेगावरून ३० पर्यंत वेग कमी करण्याची क्रिया २० ते ३० वेळा, मधे ब्रेक थंड होऊ देऊन करतात. त्यानंतर शूंचे अंतर पुन्हा तपासले जाते.

नियंत्रकाची पातळी ठरवणे

अंतिम चाचणी ट्रेलरवर नेहमीचा भार ठेवून कोरड्या, सपाट व रिकाम्या रस्त्यावर सुमारे ४० किलोमीटर प्रतितास वेगाने करतात. या वेळी फक्त नियंत्रकाची हातकळ दाबली जाते. ट्रेलरची चाके आवळून घसरू लागतील त्याच्या किंचित खालची पातळी योग्य मानतात. भार किंवा रस्त्याची स्थिती बदलल्यास पातळीही बदलावी लागते. रिकाम्या ट्रेलरसाठी ठरवलेली पातळी भरलेल्या ट्रेलरला अपुरी पडते, तर भरलेल्या ट्रेलरची पातळी ओल्या रस्त्यावर रिकाम्या ट्रेलरची चाके लॉक करू शकते.

क्षीणतेचे मूळ कारण दूर न करता केवळ पातळी वाढवणे धोकादायक ठरते. एका बाजूचा चुंबक निकामी असताना पातळी वाढवल्यास दुसऱ्या बाजूची पकड तेवढीच वाढते आणि ट्रेलर एका बाजूला खेचला जातो. म्हणून प्रत्येक चाकाची पकड समान असल्याची खात्री झाल्यानंतरच नियंत्रकाची पातळी ठरवली जाते.