पटींची मोजणी

९६ पासून ३०० पर्यंत, दोन्ही टोके धरून, ६ ने किंवा ८ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? शिष्यवृत्ती परीक्षेत असा प्रश्न आला की आमचे विद्यार्थी एकेक संख्या लिहीत बसतात आणि वेळ संपते. वस्तुतः भागाकार पुरेसा आहे. ३०० पर्यंत ६ च्या पटी ५०. त्यांतून ९५ पर्यंतच्या १५ वजा करता ३५ उरतात. ९६ पर्यंतच्या वजा केल्यास खुद्द ९६ च गळते. फळ्यावर आमचीही ही चूक झालेली आहे! तद्वत् ८ च्या पटी ३७ – ११ = २६. परंतु काही संख्या दोन्हीकडे मोजल्या गेल्या. त्या ४८ च्या पटी असे पुष्कळजण समजतात. मग १२० चे काय? लसावि २४, त्याच्या पटी ९. म्हणून ३५ + २६ – ९ = ५२.