खोल श्वास नको, लांब उच्छ्वास हवा

दहावीतल्या मुलाला एडीएचडी आहे, प्रिलिमच्या आदल्या रात्री त्याच्या छातीत धडधडतं आणि ‘डोळे मिट, खोल श्वास घे’ म्हटलं की तो आणखीच बिथरतो. काय करावं, असं एका आईने विचारलं आहे. मुलाचं काही चुकत नाहीये. घाबरलेलं माणूस आधीच भराभर श्वास घेत असतं. त्यात आणखी मोठमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीतीला नवं कारण मिळतं.

कामाचा असतो तो उच्छ्वास. श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते, हे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच टिपलं होतं. सोडताना व्हेगस मज्जातंतू हृदयाला आवर घालतो. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडला तर हे मुलाला स्वतःलाच कळेल. कोवळ्या वयात हा फरक चांगला ठळक असतो.

मेंदूच्या तळाशी श्वासाची लय राखणाऱ्या पेशी आहेत. त्यांतल्या मोजक्या पेशी लोकस सेरुलियस या सावधपणाच्या केंद्राला निरोप धाडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांमधल्या नेमक्या त्याच पेशी नष्ट केल्या. श्वास चालूच राहिला, उंदीर मात्र कमालीचे शांत झाले! हे केंद्र मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनालिन पोचवतं आणि एडीएचडीवरचं अ‍ॅटोमॉक्सेटिन हे औषध त्याच रसायनावर काम करतं. दुवा विलक्षण आहे, पण म्हणून ‘प्राणायामाने एडीएचडी बरा होतो’ हा दावा खरा ठरत नाही. या मुलांवरचे श्वसनाचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत.

अशा दाव्यांच्या गर्दीत स्वामी कुवलयानंदांचा विसर पडावा, याचं फार वाईट वाटतं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून त्यांनी योग प्रयोगशाळेत नेला. प्राणायामाचं मोल जादा प्राणवायूत आहे, हा समज त्यांनी मोजमापं घेऊन खोडला. शाळाशाळांतून तो समज अजून शिकवला जातो.

ज्याला स्वस्थ बसणंच जड जातं, त्याला डोळे मिटून बसवू नका. उघड्या डोळ्यांनी, हवं तर येरझाऱ्या घालत, दोन मिनिटं पुरेत. एका हाताच्या तर्जनीने दुसऱ्या हाताची बोटं गिरवायची: बोटावर चढताना नाकाने श्वास, उतरताना त्याहून सावकाश उच्छ्वास. ऐन भीतीत हे आठवणार नाही, म्हणून सराव रोज दात घासून झाल्यावर, आईसोबत. भस्त्रिका, कपालभाती त्या क्षणी नकोतच. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि भीतीपायी झोप उडाली किंवा शाळा बुडू लागली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला परीक्षा संपायची वाट पाहू नका.