दुधाचा करार आणि दुधाचा पगार

बारामती, इंदापूर, दौंडकडच्या खेड्यांत दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतात, आणि शेतकरी त्यांना ‘पगार’ म्हणतो. कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांला हा शब्द फार बोलका वाटतो. गाय त्याची, गोठा त्याचा, गाय आजारी पडली तर खर्चही त्याचाच. दर मात्र दुसऱ्याने ठरवलेला.

कराराची पद्धत वरवर सोयीची आहे. डेअरी दूध घेण्याची हमी देते, गायीसाठी उचल देते, पेंड पुरवते. पुढे हे सारे पगारातून वळते होते. हमी ही लहान गोष्ट नव्हे. कांदा चाळीत ठेवता येतो. थंड न केलेले सकाळचे दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ते अडवून भाव मागायचा कसा?

मेख आहे ती मापात. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. समजा, दर ३४ रुपये, दूध रोज २० लिटर, आणि एसएनएफ ८.२ लागला. पॉइंटाला १ रुपया कापला, तर दहा दिवसांच्या ६,८०० रुपयांतून ६०० गेले. यंत्र डेअरीचे, आकडाही तिचाच. विडी वळणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. ‘छाट’ म्हणजे काय ते त्या जाणतात. पण घरी विड्या वळणारीलाही १९६६ च्या कायद्याने कामगार मानले. दूध घालणाऱ्याला तेवढेही नाही.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३४ रुपये किमान दर ठरवला. त्याच हिवाळ्यात बाजारातला दर खाली घसरला, आणि जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. केंद्राच्या २०२० च्या करार-शेती कायद्यात दूधही होते. पण तंटा प्रांतांकडे न्यायचा, दिवाणी कोर्टात नाही. तो कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. तोंडी करार चालूच आहेत.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात पूर्वी ठेका पोलसनचा आणि दरही पोलसनचा होता. १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध दिले नाही आणि आपला संघ काढला. आमच्या मते तेथली मोठी गोष्ट संप नव्हे (संप आम्हीही पुष्कळ केले), तर पुढे डेअरीच त्यांच्या मालकीची झाली ही. पुण्यात कात्रजचा संघ १९६० पासून आहे; परंतु खाजगी डेअऱ्यांच्या बाजारात त्यालाही भाव पाहूनच दर द्यावा लागतो.

तेव्हा करार करायचाच, तर तो लेखी हवा. दर पेंडीच्या भावाशी बांधलेला हवा, यंत्राची तपासणी गावासमोर व्हावी, आणि उचल फिटल्यावर दुसऱ्या डेअरीला दूध घालण्याची मोकळीक त्यात स्पष्ट लिहिलेली असावी.