घरावर छोटं सोलर पॅनेल लावायला परवानगी कोणाची लागते?

छतावर एक-दोन सोलर पॅनेल लावायचे, तर शेंदूरजनाघाटमध्ये विचारायचं कोणाला? नगरपरिषदेला की महावितरणला? समजून घेऊया.

नगरपरिषद अडवू शकते का?

राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबई महापालिका आणि काही अपवाद वगळता ती बहुतेक शहरांना लागू आहे. तिच्यानुसार पॅनेलचा तळ गच्चीपासून १.८ मीटरपर्यंत उंचीवर असेल, तर बांधकाम परवानगी लागत नाही. मात्र मजबुतीची खात्री परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. म्हणजेच इथे स्थानिक संस्थेच्या अधिकाराला राज्यानेच मर्यादा घातली आहे. पॅनेल त्याहून उंच चढवून खाली शेड केली, तर ही सूट मिळत नाही.

मग महावितरणचा संबंध कुठे येतो?

पॅनेल घराच्या वायरिंगला जोडलं की येतो. सोलर कंदील किंवा संत्र्याच्या बागेतली बॅटरीवरची झटका मशीन विजेच्या लाइनला जोडलेली नसते. तिला नेट मीटर लागत नाही. लाइनला जोडलेल्या सोलरसाठी मात्र महावितरणकडे अर्ज करावाच लागतो. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही.

प्लगमध्ये खोचायचं सोलर चालेल?

परदेशात बाल्कनीत टांगून थेट सॉकेटला जोडायची पॅनेल मिळतात. जर्मनीत २०२४ पासून त्यांच्या इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॅट आहे. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२५ मध्ये १,२०० वॅटपर्यंतच्या अशा संचांना वीज कंपनीशी करार करण्यातून सूट दिली. महाराष्ट्रात अशी वेगळी सूट नाही. कारण सुरक्षेचं आहे. लाइन बंद असताना पॅनेलची वीज उलटी तारांत गेली, तर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय साधं मीटर बाहेर गेलेली वीज वापर म्हणून मोजू शकतं आणि बिल उलट वाढतं.

अडचण कोणाची?

भाडेकरूंची. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्यासाठी हक्काचं छत लागतं. प्लगचं सोलर नेमकं छत नसलेल्यांसाठी आहे आणि त्यांच्यासाठीच सोपी वाट अजून नाही.

त्यामुळे खरेदीआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हे बॅटरीवर चालतं की घराच्या लाइनला जोडायचं आहे? लाइनला जोडायचं असेल, तर आधी महावितरणकडे अर्ज करा.